काळी खपली

वेलचेरी, चेन्नई
शनिवार, ३० ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,
विद्याधरचा साष्टांग नमस्कार.

इकडे मी ठीक. 'तुम्ही दोघं बरी असाल' असं लिहायची रीत आहे, पण वर्षभर मी साधा फोन केला नाही, तेव्हा कुठल्या तोंडाने लिहू? दादाचा मेसेज मिळाला. पंधरा सप्टेंबरला आईचं वर्षश्राद्ध आहे, जमलं तर ये, एवढंच होतं.

इथलं सांगतो. फ्लॅट तीन खोल्यांचा, माणूस एक. मराठी बोलायला खालच्या मजल्यावरच्या सीतालक्ष्मी मामी आहेत. त्यांची तंजावरची जुनी मराठी मला निम्मी कळते, माझी त्यांना निम्मी. बाकी दिवस उंदरांबरोबर जातो. तुम्ही थट्टेने म्हणायचात ना, भाऊजी मूषकराजांच्या नोकरीत आहेत म्हणून? ती नोकरी अजून चालू आहे. पळ्ळीकरणैच्या दलदलीकडे झुडपांत पिंजरे लावायचे, सापडलेल्या उंदराचे कान भिंगाखाली धरायचे. कानात सुईच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके असतात. सौम्या, माझी सहकारी, ते कुंचल्याने टिपून घेते. ती माइट नावाच्या किड्याची पिल्लं. स्क्रब टायफसचा ताप त्यांच्याच चाव्याने येतो.

गंमत अशी की उंदराचं यात फारसं काही बिघडत नाही. माइटचंही नाही. जंतू माइटच्या आईकडून अंड्यात, अंड्यातून पिल्लात, असा किती पिढ्या उतरत आलाय कोण जाणे. एकमेकांना सांभाळून राहायला ते शिकलेत. माणूस मात्र गवतात जाऊन बसतो आणि सापडतो. चावा दुखतही नाही. आठ-दहा दिवसांनी ताप चढतो आणि चावल्या जागी बहुतेकदा एक काळी खपली धरते. ती दिसली की निदान झाल्यात जमा. वेळेवर साध्या गोळ्या दिल्या तर माणूस दोन-तीन दिवसांत उठून बसतो. पण ती असते काखेत, जांघेत, छातीखाली. म्हणून दर वर्षी मी तरुण डॉक्टरांना दटावतो, लाजू नका, कपडे बाजूला करून बघा.

परवा एग्मोरच्या इस्पितळात तोच वर्ग घेतला. रम्या नावाच्या मुलीने विचारलं, "सर, घरचंच माणूस असेल तर? स्वतःच्या आईला विचारता येतं का?" पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर पडलो आणि पंधरा मिनिटं जिन्यात बसून राहिलो.

वहिनी, किती वळसे घालतोय मी. आता लिहितो.

गौरी गेल्यावर आठवड्याने आईला ताप आला. तुम्ही पहिल्याच दिवशी मला फोन केलात. दवाखान्यात नेऊ का, हेच विचारलंत. मी म्हणालो, व्हायरल असेल, तीन दिवस तापाची गोळी द्या. मग तुम्ही फोन आईकडे दिलात. ती म्हणाली, गणपतीच्या दूर्वा काढायला रोज ओढ्याकाठच्या गवतात बसत होते, अंग धरलं असेल. ऐकताक्षणी माझ्या डोक्यात आलं, खपली. वीस वर्षं हेच करतोय, येणारच. विचारायचं एवढंच होतं की आई, छातीखाली, काखेत काही काळं दिसतंय का? जीभ रेटेना. आईला असलं कसं विचारायचं? निदान फोन पुन्हा तुमच्याकडे द्यायला सांगायचा होता, पण तुमच्याशी बोलायचीही लाज वाटली. "विश्रांती घे" म्हणालो आणि फोन ठेवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलंत तोवर उशीर झाला होता; आठवड्याभरात ती गेली. तिला शेवटची आंघोळ तुम्ही आणि शेजारच्या सईबाईंनी घातलीत. संध्याकाळी ओसरीवर तुम्ही हळूच म्हणालात, "भाऊजी, आईंच्या छातीखाली काळी खपली होती, उदबत्तीचा चटका बसावा तशी. कशाची असेल हो?" मला तेव्हाच सगळं कळलं. मी म्हणालो, "वयाने होतं तसं."

आणि तेराव्याला सगळ्या पाहुण्यांदेखत मीच तुम्हाला म्हणालो, "तीन दिवस घरात ठेवलंत. वेळेवर नेलं असतं तर आई आज असती." माहीत असून म्हणालो. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि वाढायला आत गेलात. 'तुम्हीच थांबा म्हणाला होतात' एवढं एक वाक्य तुम्हाला बोलता आलं असतं. तुम्ही ते अजून दादाजवळसुद्धा बोलला नाहीत.

मागच्या आठवड्यात तुमच्या कीर्तीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा आईशी अजून धड बोलत नाहीत. आई कुणाच्या कपाळाला हात लावायला घाबरते, माझ्या हाताला यश नाही म्हणते. मग तिने विचारलं, "काका, आईचं खरंच चुकलं होतं का?" मी नाही म्हणालो. कुणाचं चुकलं, ते मात्र सांगितलं नाही.

माझं चुकलं. तुमचं नखाएवढंही नाही. आईला मी लाजेपायी घालवलं आणि वर तिचं मरण तुमच्या पदरात बांधलं. माफी मागत नाही, तेवढं तोंड मला नाही.

श्राद्धाला येतोय. दारातच उभं ठेवलंत तरी चालेल.

हे पत्र दादाला दाखवा, असं लिहिणार होतो. पण तुम्ही दाखवणार नाही, मला सांभाळून घ्यायला पुन्हा गप्प बसाल. म्हणून हेच सगळं त्याला वेगळं लिहिलं आणि काल टाकूनही आलो. तुमच्या आधी ते त्याच्या हाती पडेल.

तुमचा म्हणवून घ्यायला जागा उरली असेल तर तुमचाच,
विद्याधर