सागवानी दार, बाहेर उघडणारे

सोमवार, ४ नोव्हेंबर १९४६. सकाळी.
शांतवनरावांच्या तांबड्या कोंबडीने आज माझ्या यजमानांच्या, म्हणजे डॉक्टरांच्या, मोटारीत, मागच्या सीटवर, अंडे घातले. म्हणून ही वही सुरू करीत आहे. काही गोष्टींची नोंद राहिलीच पाहिजे.
अंडे घेऊन मी स्वतः गल्ली ओलांडून गेले. शांतवनराव व्हरांड्यात दात कोरत बसले होते. म्हणाले, "द्या इकडं. रोझी शोधतच होती." रोझी म्हणजे त्यांची बायको. माफी नाही. वर म्हणाले, "दीनाबाई, गॅरेजला दार नाही, मोटारीला पेट्रोल नाही. भंगारवाल्याला देऊन टाका, नाहीतर कोंबड्यांना तरी सुखानं राहू द्या."
भंगार! त्याच सीटवर निजवून डॉक्टरांनी किती रोगी इस्पितळात आणले. शांतवनरावांच्या आईलासुद्धा. डॉक्टर गेले, लढाई आली, गॅरेजचे दार वाळवीने खाल्ले, एवढाच काय तो मोटारीचा दोष. मोटार उत्तम स्थितीत आहे. फक्त चालत नाही.
निश्चय: महिन्याच्या आत गॅरेजला दार. यात सूड वगैरे काही नाही. प्रश्न शिस्तीचा आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर.
दारांचा विचार केला.
पत्र्याचे. गॅरेजचे तोंड पश्चिमेला, बरोबर शांतवनरावांच्या व्हरांड्यासमोर. चार वाजता पत्र्यावरचे ऊन उलटून थेट त्यांच्या आरामखुर्चीवर पडेल. शिवाय पत्रा टिकाऊ.
गुंडाळायचे शटर, मुंबईच्या दुकानांना असते तसे. आवाज फार मोठा. शांतवनराव दुपारी झोपतात. मोटारीची रोजची तपासणी मला दुपारीच सोयीची पडेल.
शटर श्रेष्ठ.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.
लोखंडाला परमिट लागते. कचेरीतल्या कारकुनाने विचारले, कारण काय लिहू? कोंबड्या, मी म्हटले. त्याने टाक खाली ठेवला. मी बी. ए. आहे हे त्याच्या कानावर घातले. म्हणाला, "बाई, परमिट बी. ए.लाही लागतं."
तेव्हा सागवान. लाकूड खरे पाहता घरंदाज दिसते. बन्सी सुताराला बोलावले. राजूरकडचे सागवान त्याच्या मेव्हण्याकडे पडून आहे. दार आत उघडायचे की बाहेर? आत उघडले तर मोटारीला लागते. बाहेर उघडले तर गल्ली अडते आणि शांतवनरावांचा टांगा घरापर्यंत येऊ शकत नाही.
बाहेर.
बन्सी म्हणाला, "बाईसाहेब, गल्ली लई अरुंद हाय. लोकं बोंबलत्याल." मी म्हटले, लोक म्हणजे कोण ते मला ठाऊक आहे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर.
अंडी चालूच. आता मी परत देत नाही. राहीबाई भांडी घासता घासता म्हणाली, "आपल्या गादीवर घातलं म्हंजी आपलंच की." हा कायदा नव्हे. मी ती पुरावा म्हणून ठेवली आहेत.

गुरुवार, २१ नोव्हेंबर.
पुरावा नासू नये म्हणून ऑम्लेट केले.
दारावर पितळी पाटी लावायची, डॉक्टरांच्या नावाची. अक्षरे व्हरांड्यातून चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत.

सोमवार, २५ नोव्हेंबर.
प्लॅन पक्का. येत्या रविवारी हंगामाचा सण. उपासनेनंतर सारी मंडळी आमच्या ख्रिस्ती देवळाच्या आवारात जमते. ज्याने त्याने शेतातले, परसातले देवाला वाहिलेले असते, त्याचा लिलाव होतो. शांतवनराव दरवर्षी एक कोंबडी अर्पण करतात आणि दरवर्षी स्वतःच बोली लावून परत घेतात. मी यंदा दोन पपया देणार.
बन्सीला ताकीद दिली: उपासना सुटताना दार आवारात भिंतीला उभे करायचे. सगळ्यांनी पाहिले की तिथून घरी. पुढे मी, मागे दार. बन्सी म्हणाला, "पर घर तर देवळाच्या अलीकडंच हाय, बाईसाहेब." त्याला समजावणे कठीण.

रविवार, १ डिसेंबर. संध्याकाळी.
बन्सी आज जन्मात पहिल्यांदा वेळेआधी आला.
आम्ही आत शेवटचे गीत गात होतो. बाहेर येऊन पाहते तो दाराच्या दोन्ही फळ्या अर्पणांच्या मधोमध, ज्वारीच्या पेंढ्या आणि भोपळे यांच्यात उभ्या. त्यांवर झेंडूची माळ. पुढ्यात माझ्या पपया. पाळकसाहेब पितळी पाटीवर हात ठेवून बोलतही होते: डॉक्टरांच्या स्मरणार्थ दीनाबाईंनी केवढे हे दान! रोझीबाई डोळे पुसत होती.
मी खुलासा करणारच होते. तेवढ्यात शांतवनराव हळूच म्हणाले, "दीनाबाई, हे अर्पणच आहे ना? का बन्सीची काही चूक झाली?" त्यांनी विचारले नसते तर मी सांगितले असते.
"अर्थात अर्पण," मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले.
लिलावात कुणालाच एवढे दार नको होते. एकाने याची खाट होईल का विचारले. शेवटी शांतवनरावांनी घेतले. आपली कोंबडीही घेतली.
मी पपया परत घेतल्या.

सोमवार, २ डिसेंबर.
शांतवनराव टोपी हातात घेऊन आले. म्हणाले, "दार तुमच्यासाठीच घेतलंय. आजच बसवून टाकू. आईला या मोटारीतनं आणलं होतं, ते मी विसरलेलो नाही. भंगार म्हणालो ते गमतीनं."
डाव मी ओळखला. माझे दार त्यांचा उपकार म्हणून लटकणार आणि ते रोज आरामखुर्चीतून पाहणार. मी म्हटले, "देवाला दिलेलं मी परत घेत नाही."
"मी तर दरवर्षी घेतो," ते म्हणाले.
"तेच," मी म्हटले.
थोडा वेळ मोटारीकडे पाहत उभे राहिले, मग गेले. पुन्हा विचारले नाही. पूर्ण विजय.

गुरुवार, ५ डिसेंबर.
बन्सीने दार शांतवनरावांच्या कोंबड्यांच्या खोपटाला बसवले. माझ्याच मापाने, बाहेर उघडणारे. सकाळी उघडले की गल्ली अडते. मोटार चालू झाली तरी आता बाहेर पडायची नाही. संध्याकाळी शांतवनराव दार लवकर लावतात. ज्या कोंबड्या बाहेर राहतात त्या जागा ओळखून आहेत.
गॅरेजला तरटाचा पडदा लावला. हवा खेळती राहते.
आज राहीबाईच्या हाती शांतवनरावांकडे पोचवले: दाराचे कुलूप एक, किल्ल्या दोन, अंडी तीन. त्यांच्याकडून आले: डॉक्टरांच्या नावाची पितळी पाटी, घासून चकचकीत केलेली.
पाटी मोटारीत पुढच्या सीटवर ठेवली. मागची रिकामी नव्हती.