कर्करोग पुरस्कारासाठी एकमेव लायक माणूस

१५ जून १९९८, सोमवार. सकाळी ११
स्टाफरूममधल्या पेपरात जाहिरात. मुंबईच्या एका ट्रस्टतर्फे यंदापासून कर्करोग संशोधनासाठी राज्यस्तरीय पुरस्कार. अर्ज ३१ जुलैपर्यंत. शांतपणे चहा संपवला. पेपराचं ते पान फाडून खिशात घातलं, उगाच कुणाला मोह नको. तसा धोका कुणाचाच नाही. फिजिक्सचे दोघे प्लॉटच्या भानगडीत, केमिस्ट्रीवाला शिकवण्यांत. बॉटनीचे विभागप्रमुख बाळासो चौगले यांचं शेवटचं संशोधन म्हणजे कॅन्टीनच्या वड्यात बटाटा किती. उभ्या कोल्हापुरात कॅन्सरवर मूलभूत काम करणारा माणूस एकच. प्रा. राजशेखर हुक्केरी, झूलॉजी. सहा वर्षं राबतोय. राधानगरीच्या जंगलातल्या नरक्या झाडाच्या सालीचा अर्क कुकरमध्ये काढायचा, कांद्याच्या मुळांवर घालायचा, पेशींची वाढ थांबते का बघायचं. नरक्यापासून कॅन्सरचं औषध परदेशात आधीच बनतं, असं चौगले म्हणतात. बनत असेल. कुकरमध्ये कुणी बनवलंय?

१६ जून
ठराव. रोज पहाटे पाचला उठणे. रोज प्रबंधाची दहा पानं. रागावर ताबा.

१७ जून
आठला उठलो. एक पान झालं, त्यावर माझं नाव. रागावर ताबा राहिला असता, पण चौगले समोर आले.

३ जुलै
आमचा लॅब अटेंडंट ज्ञानू याला फॉरेस्टवाल्यांनी पकडलं. त्याचं गाव राधानगरीकडं, साल तोच आणतो. नरक्याची चोरटी तोड होते म्हणून नाक्यावर झडती चालली होती, ह्याच्या पिशवीत साल सापडली. कॉलेजात फोन आला. मी सर्व बाजूंनी विचार केला. मी गेलो असतो तर संशोधनाची नाहक बदनामी. प्रिन्सिपॉल गेले.

४ जुलै
ज्ञानू सुटला. कारण असं की गार्डनं साल हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाला, "ह्यो कुंभा हाय. न्ह्या की किती न्ह्यायचा त्यो."
ज्ञानूला केबिनमध्ये घेतलं. सहा वर्षं हेच आणतोस का? व्हय म्हणाला. नरक्या लई आत हाय, तिकडं जळवा असत्यात, आणि सर, तुम्ही कवा इचारलंच न्हाय. चूक कबूल करायची पद्धत ही.
गार्ड दहावी नापास असणार. तरी साल चौगलेंना दाखवली, सहज, कशाची ते न सांगता. त्यांनीही कुंभाच सांगितलं, रानात कुठंही उगवणारं झाड. वर हसले. बॉटनीवाल्यांना हसायला फार लागत नाही.
दुपारी डोकं ताळ्यावर आलं. नरक्यावर जगभर काम झालंय. कुंभ्यावर सहा वर्षं काम केलेला मी पहिला! नकळत केवढी मोठी गोष्ट होऊन बसली. प्रबंधात जिथं नरक्या आहे तिथं कुंभा करायचं. १४२ ठिकाणी.

१९ जुलै, रविवार
सुष्मिता भोकरे घरी आली. माझी जुनी विद्यार्थिनी. बेडूक चिरताना रडायची. पुढं दातांची डॉक्टर झाली, म्हणजे व्हायचं तेच झालं. चार वर्षं शिरोळ तालुक्यात गावोगाव फिरते. खेड्यातल्या बायकांना टॉर्च आणि छोटा आरसा देऊन लोकांची तोंडं तपासायला शिकवते. तोंडाच्या कॅन्सरची पहिली खूण शोधायची म्हणे. आठ हजार तोंडं झाली. आणि आता त्याच पुरस्काराला अर्ज! फॉर्मवर प्रस्तावक म्हणून ज्येष्ठ प्राध्यापकाची सही हवी होती. टॉर्च मारून संशोधन होत असेल तर प्रत्येक वॉचमनला नोबेल द्यावं लागेल, असं मी तिला म्हणालो. हसली. सही केली. शर्यतीत आपल्या मागं पळायला कुणीतरी लागतंच.

३१ जुलै
अर्ज टाकला, पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं असताना. एकूण एकवीस पानं, ग्राफ एक. अकरा कांद्यांपैकी चार कुजले, ते वगळले. माझे प्रस्तावक प्रिन्सिपॉल. त्यांनी न वाचता सही केली, याला विश्वास म्हणतात.

१३ ऑक्टोबर
मेडिसिनचं नोबेल नायट्रिक ऑक्साइडच्या कामाला. म्हणजे गॅसला. कॅन्सरला यंदाही नाही. स्टॉकहोमवाल्यांची कीव येते. थंडीत राहून माणसाला सगळंच उशिरा कळत असावं.

२४ नोव्हेंबर
पत्र आलं. 'पुरस्कार वितरण समारंभास आपण सपत्नीक उपस्थित राहावे.' पहिलीच ओळ. पुढचं वाचायची गरज वाटली नाही. कोट शिवायला टाकला. प्रिन्सिपॉलांना सांगितलं, त्यांनी लगेच नोटीस बोर्डवर अभिनंदनाचा कागद लावला. चौगलेंनी हात मिळवला. हात थंड होता. जळफळाटानं असं होतं.

२७ नोव्हेंबर
शिवलीलानं पत्र पुरं वाचलं. शिवलीला म्हणजे आमच्या सौ. निपाणीकडच्या, वाचायला हळू, पण शेवटपर्यंत वाचतात. म्हणाली, बक्षीस सुष्मिताला हाय. तुम्हाला तिचे प्रस्तावक म्हणून बोलावलंय.
चष्मा लावून वाचलं. तसंच होतं. उघड टायपिस्टची चूक. दोघांचे कागद एकाच कॉलेजातून, एकाच पिनकोडचे, होतो घोटाळा. समक्ष जाऊन दुरुस्त करून घ्यायचं. नोटीस बोर्डवरचा कागद वाऱ्यानं पडला. मी वाऱ्याला थोडी मदत केली. कोट रद्द करता येत नाही, कापड कापून झालंय.

१९ डिसेंबर, शनिवार. मुंबई
महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी पोचलो. ट्रस्टच्या सेक्रेटरींना गाठून चुकीची कल्पना दिली. त्यांनी फाइल उघडून बघितली. मग म्हणाले, ते कांदेवाले सर तुम्हीच का? म्हणजे काम लक्षात राहिलंय. निकाल बदलता येणार नाही म्हणाले. सगळीकडे सेटिंग.
सुष्मितानं गावातल्या सहाजणी बरोबर आणल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, ट्रस्टच्या सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या. त्यांची म्होरकी बायडाबाई. चौथी पास. समारंभालासुद्धा कमरेला टॉर्च. शिवलीलाचं आणि तिचं चहा पिता पिता जमलं. मी आरशात टाय बांधत होतो. वळून बघतो तर शिवलीला खिडकीपाशी आ करून उभी, आणि ती बाई आत उजेड मारतेय. म्हणालो, हे काय चाललंय, इथं मोठमोठी माणसं आहेत.
बायडाबाईनं टॉर्च विझवला. "सर, गालाच्या आतनं पांढरा चट्टा हाय. मिश्री कवाधरनं लावत्यात?"
 सकाळी दातांना तंबाखूचं काळं काहीतरी लावते, एवढं मी बघितलेलं. अठ्ठावीस वर्षं, असं शिवलीलाच म्हणाली.
"मोठ्या डॉक्टरला दावा. आठ दिस बी लावू नगा."
मी बायडाबाईला सौम्यपणे सांगितलं की बाई, मी स्वतः कॅन्सरचा संशोधक आहे.
"मग तुम्ही आदीच बगितलं असंल की," ती म्हणाली.
तिच्या बोलण्यात खोच नव्हती. खरंच तसं वाटलं असावं तिला. तेवढ्यात सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.
समारंभ ठीक. सुष्मितानं सहाही बायकांना स्टेजवर घेतलं. लोक उठून टाळ्या वाजवत होते. मुंबईकरांना नऊवारीचं अप्रूप. मला पहिल्या रांगेत जागा आणि एक गुच्छ. कोट बरा बसला. शिवलीला शेजारी होती. टाळ्या वाजवत नव्हती, जिभेनं गाल चाचपत होती.

२२ डिसेंबर
शिवलीलाला म्हणालो, घाबरायचं कारण नाही, कुंभ्याच्या अर्काच्या गुळण्या कर, लॅबमध्ये दोन बाटल्या तयार आहेत. "कांद्यास्नी घाला," म्हणाली. सुष्मिताला फोन लावून डॉक्टरांची वेळ तिनंच ठरवली. मिश्रीचा डबा कचऱ्यात टाकला, तोही मला न विचारता.

२८ डिसेंबर
दवाखान्यात गेलो. तपासायला तुकडा काढला. डॉक्टरांनी विचारलं, चट्टा कधीपासून? मी म्हणालो, अलीकडचा. शिवलीला म्हणाली, दोन वर्षं, तिखट खाल्लं की झोंबतंय. डॉक्टरांनी तिचं लिहून घेतलं. मला बाहेर बसायला सांगितलं.
बाहेर चौगले. हातात डबा. त्यांच्या बायकोनं शिवलीलासाठी मऊ भात दिला होता. दोन तास शेजारी बसले, कुंभ्याचं नाव काढलं नाही.  मी घाबरलो नव्हतो. ए.सी. जास्त होता, म्हणून तो गरम डबा मांडीवर धरून बसलो.

३१ डिसेंबर
लोक विचारतात रिपोर्ट कधी. मी म्हणतो, विज्ञानाला घाई चालत नाही. कॉलेजला गेलो नाही. दोनदा देवघरात गेलो. दिव्यात तेल आहे का बघायला.

६ जानेवारी १९९९
रिपोर्ट. कॅन्सर नाही. त्याच्या अलीकडची पायरी. चट्टा काढून टाकायचा, मिश्री कायमची बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. आणखी वर्षभर राहिला असता तर सांगता आलं नसतं, डॉक्टर म्हणाले. हे कुणी शोधलं, असं त्यांनी विचारलं. शिवलीलानं बायडाबाईचं नाव सांगितलं, गाव-तालुक्यासकट. डॉक्टर म्हणाले, बाईंची नजर फार चांगली आहे. त्या कामाची शिफारस माझ्या सहीनं गेली होती, हे त्यांच्या कानावर घालणार होतो, पण त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.
जिना उतरताना शिवलीलाचा हात धरला. पायऱ्या निसरड्या होत्या. कोरड्या होत्या, पण निसरड्या.

७ मार्च, रविवार
चट्टा काढून महिना झाला. जखम भरली. बायडाबाई दोन दिवस आमच्याकडे मुक्कामाला. शिवलीलाला शिकवतेय. आमच्या गल्लीतल्या बायका आता ही तपासणार. सुष्मितानं टॉर्च, आरसा आणि एक छापील वही पाठवलीय. सरावाला पहिलं तोंड माझं हवं, असं शिवलीला म्हणाली. मी म्हणालो, मला कसलं व्यसन नाही, मला गरज नाही. तिनं टॉर्च लावला. "आ करा."
केला. बायडाबाई मागनं सांगत होती, जिभेखाली बघा, गाल वढा. शिवलीला बराच वेळ बघत होती. इतक्या जवळून तिनं माझ्याकडे कधी बघितलं होतं ते आठवेना. काही न्हाय, म्हणाली. दोन दाढा किडल्यात, सुष्मिताला दाखवा.
मग वही उघडली. नाव लिहिलं. वय लिहिलं. व्यवसाय काय लिहू, असं बायडाबाईला विचारलं. मीच मधे सांगितलं, संशोधक लिही.
तिनं मास्तर लिहिलं.