भिंतीवरचे कटरे सर

१८ नोव्हेंबर २०१३, सोमवार. पहाटे ५.
आजपासून पाच दिवस गोंदियाला ट्रेनिंग. संकल्प: तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. कायमचा. रिटायरमेंटला चार महिने उरले. निरोपाच्या फोटोत दात पांढरे दिसायला हवेत.

संध्याकाळी ६.
ट्रेनिंगमध्ये झोप येत होती म्हणून एकच खाल्ला. औषध म्हणून.
बसस्टँडसमोरच्या लांब भिंतीवर कोणीतरी मोठमोठे चेहरे रंगवले आहेत. देव, संत, थोर माणसं. आणि शेवटच्या कोपऱ्यात मी! चष्मा, मिशी, गालावरची चामखीळ, सगळं बरोबर. जवळ जाऊन बघितलं. खाली नाव नाही. राहिलं असेल.

१९, मंगळवार.
चौकशी केली. पेंटर रत्नपाल. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या शाळेतला, माझाच विद्यार्थी. सातवीत गणिताच्या तासाला चित्रं काढायचा. मी वही फाडली, वर्गासमोर त्यालाच तुकडे वेचायला लावले आणि म्हटलं, बापासारखा भिंतींना चुनाच पोतशील. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. पण शिस्त वाया जात नाही. आज भिंतींवर नाव काढलं पोरानं.

२०, बुधवार.
रविताला सांगितलं. बायको, तेहतीस वर्षांचा संसार, पण एवढंच म्हणाली, "तुमचं चित्र? काऊन?" का म्हणे! ते काऊन फार लागलं. शुक्रवारी तिला आणि सगळ्या स्टाफला नेऊन दाखवणारच. ईश्वरदास मास्तर कॅमेरा आणणार. तोच फोटो निरोप समारंभाच्या पत्रिकेवर.
खर्रे फक्त दोन.

२१, गुरुवार.
माझ्या चेहऱ्यावर लाल शिंतोडे. बाजूच्या संतांवर एक डाग नाही. गावात काय, शहरात काय, माझं चांगलं लोकांना बघवत नाही. रुमालाने पुसलं.
खर्रे मोजले नाहीत.

२२, शुक्रवार.
रविता, ईश्वरदास, आठ शिक्षक. रत्नपालसाठी हार. तो शिडीवर होता. त्याला खाली बोलावलं, पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, मलाच का निवडलंस ते सगळ्यांना सांग. तो पाया पडला नाही. शांतपणे म्हणाला,
"सर, भिंतीवर कोनी थुंकू नये म्हनून देव काढून राहिलो. पन लोकायले थुंकाले एक कोपरा तं सोडाच लागते. तिथं कोनाचा चेहरा काढाव, याचा मले इचार कराच लागला नाही."
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ईश्वरदासने कॅमेरा पिशवीत ठेवला. रविता चित्राजवळ जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, चामखीळ बराबर काढली. आणि सगळ्यांबरोबर बसकडे निघून गेली.
मी नवे शिंतोडे पुसायला मागे थांबलो. धीर यावा म्हणून खर्रा तोंडात टाकला होता, तोंड गच्च भरलं. मागून एक जण म्हणाला, "चाचा, थूकना है तो थूको, नहीं तो हटो."
डावीकडे बघितलं. शेवटपर्यंत देव आणि संत.
थुंकलो.