दरबाराचा पडदा आणि जवसाचे तेल

१६ जून १९५७
नाटक मंडळाचा दरबाराचा पडदा आज आमच्या घरी आला. दहा हात लांब, मांजरपाट, सरसात कालवलेले रंग. रंगवणारे नानाजी पेंटर माघात वारले, म्हणजे असा दुसरा होणे नाही. मंडळाचे मुख्य लटारूभाऊ तो धान साठवायच्या ढोलीवर ठेवत. उंदरांनी सिंहासनाचा एक पाय खाल्ला. मी सर्वांदेखत म्हणालो, कला सांभाळायला शिक्षण लागते. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकापर्यंत नव्यासारखा करून देतो. लटारूभाऊ म्हणाले, "मास्तर, नाई झालं तं गावाची इज्जत जाईन. बाहेरगावचे पावणे येतेत." शब्द दिला. यात माझा अहंकार आहे का? विचार केला. नाही.

१७ जून
गुंडाळल्याने रंगाचे पोपडे सुटतात, म्हणून माजघरात आडवा टांगला. घराचे दोन भाग झाले. चूल पलीकडे, मी अलीकडे. कमळा पडद्यामागून म्हणाली, "जेवाले या, महाराज." पत्नीला कलेची दृष्टी नाही, पण स्वभाव चांगला.

४ जुलै
पाऊस. राजवाड्याच्या खांबांवर बुरशी. उपाय सापडला! नागपूरला कॉलेजात प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत एक तैलचित्र होते. साठ वर्षांचे, तरी ताजे. टिकले ते तेलामुळे. आपल्या पडद्याला तेलच नाही. इतकी साधी गोष्ट कोणालाच सुचू नये?

६ जुलै
तेलघाण्यावरून स्वयंपाकाचे महिन्याचे जवसाचे तेल आणले. दोन्ही बाजूंनी फासले. रंग झळाळले. कमळा म्हणाली, "आता फोडणी काय पाण्याची देऊ?" आठ दिवसांत वाळेल.

१४ जुलै
वाळला नाही. हवेत मॉइश्चर आहे. आणखी आठ दिवस.

२९ जुलै
दिव्यावरचे किडे पडद्याला चिकटतात. चिमट्याने काढतो. आज चौऱ्याण्णव. एकाबरोबर द्वारपालाची अर्धी मिशी आली.

३० जुलै
चुलीचा धूरही चिकटतो. चूल पडवीत हलवली. पावसाचे शिंतोडे येतात, म्हणून कमळाने छत्री धरून भात शिजवला. म्हणाली, "तुमच्या राजाले घर देलं, मले वनवास." कलेसाठी त्याग हवाच. पण तो तिने करावा हे योग्य का? प्रश्न महत्त्वाचा आहे. उद्या विचार करीन.

२५ ऑगस्ट
पोळा. कमळा माहेरी गेली. मलाही बोलावणे होते. शेळी घरात शिरून पडदा चाटेल, म्हणून राहिलो. दोन महिने शाळा आणि हा पडदा, तिसरे काही नाही. दाराला बाहेरून कडी नाही, तरी असल्यासारखी वाटते. हा क्षणिक कमकुवतपणा. उद्यापासून व्यायाम.

२६ ऑगस्ट
पाठ दुखते. व्यायाम पुढच्या सोमवारपासून.

२ ऑक्टोबर
वाळला! म्हणजे बोट चिकटते, पण सुटते. नाटकात राणीचे काम करणारा वारलू पाहायला आला. म्हणाला, "काऊन जी मास्तर, बाई तिकडं तांदूळ निवडून राह्यल्या, ते मले इथून दिसते." पाहिले. तेलाने कापड जरासे पारदर्शक झाले आहे खरे. त्याला समजावले, उजेड समोरून असला की मागचे दिसत नाही. सायन्स आहे.
लटारूभाऊंना सांगावे का? मन म्हणते सांगावे. पण त्यांचे धान कापणीला येते आहे. उगाच डोक्याला ताप कशाला.

२० ऑक्टोबर
त्यांना सांगायला निघालो होतो. वाटेत ढग आले, परतलो.

७ नोव्हेंबर, सकाळी
मंडईचे नाटक झाले. मला पहिल्या रांगेत खुर्ची. दुसऱ्या अंकात राजा मरतो. सारे रडायला तयार. पण पडद्यामागे तोंड रंगवायला गॅसबत्ती लागते, हे मी धरलेच नव्हते. इकडे राजा प्राण सोडतो आहे, तिकडे राणी लुगडे गुडघ्यावर घेऊन बिडी ओढते आहे. मागून कोणी ओरडले, "अवो राणीबाई, नवरा मरून राह्यला, या ना लवकर!" वारलूने घाईने बिडी विझवली, तीही सर्वांना दिसली. पाहुणे हसून आडवे झाले. मेलेला राजाही हलू लागला. उठून जावेसे वाटले, पण मागे हजार माणसे दाटून बसलेली, वाट नाही. पहाटेपर्यंत तिथेच होतो.

९ नोव्हेंबर
लटारूभाऊंकडे गेलो. कबूल केले, मला महिनाभर आधी ठाऊक होते. रागावतील अशी तयारी ठेवली होती. ते विळ्याला धार लावत राहिले. म्हणाले, "वारलूनं मले तवाच सांगतलं जी. तुम्ही कवा सांगता, त्याचीच वाट पाहून राह्यलो होतो." मी विचारले, मग नाटक थांबवले का नाही? म्हणाले, "पावण्यायले बोलावणं गेलं होतं. अन् दुसरा पडदा होता कुठी?"
पाणी दिले. प्यायलो. परत आलो.

१ डिसेंबर
मंडळाने ब्रह्मपुरीकडच्या एका पेंटरकडून नवा दरबार करवून घेतला आहे. चांगला झाला म्हणतात. त्याला ओल लागू नये म्हणून दोन सूचना लिहून काढल्या. पण तो ठेवला कुठे, हे कोणी सांगत नाही. लटारूभाऊ विषय बदलतात, वारलू रस्ता. शेवटी कमळाला विचारले, तुला तरी काही ठाऊक आहे का? म्हणाली, "मंडळानं मले शपथ घातली. तुमाले सोडून साऱ्या गावाले माहीत आहे."