चिमणीच्या ठशाबाबत

मी, खुर्च्या बनवणारी, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कुणाचाही दबाव नाही. असता तरी मी जुमानला नसता, हे घरचे जाणतात. आधीची दोन मृत्युपत्रे मी फाडली आहेत.

१. घर, कारखाना, हत्यारे आणि बँकेत उरेल ते माझ्या भाच्याला, म्हणजे मयत धाकट्या भावाच्या मुलाला मिळावे. रंधा पाते खाली करून ठेवू नये. हे त्याला शंभरदा सांगून झाले आहे.

२. शिडी कुलूपवाल्याची आहे, ती परत करावी. तिच्यावरचे लाल डाग खरवडू नयेत. दंगलीच्या वेळी ती त्यानेच माझ्या भावाला दिली होती, आणि आज गल्लीत "तो राक्षस होता" असे सर्वांत मोठ्याने तोच म्हणतो.

३. चिमणीचा लोखंडी ठसा. वडील तो तापवून प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली उमटवत, कुणाला दिसणार नाही असा. ज्यांना हुसकावायचे त्यांच्या दारांवर भावाने तीच चिमणी लाल रंगात हातभर मोठी काढली. समोरच्या बेकरीवाल्या बाईंच्या दारावरही काढली, आणि जमावाने त्यांच्या नवऱ्याला मारले. तेव्हापासून ठसा पेटीत आहे.

भाचा म्हणतो, "आत्या, चिमणी आजोबांची आहे. बाबांनी नासवली म्हणून आपण का सोडायची? पाटीवरच काढू. आणि ते माणूस नव्हतेच, राक्षस होते, असं सांगून मोकळं होऊ."

या मोकळे होण्यानेच माझी झोप उडाली आहे. भाऊ माझ्या मांडीवर वाढला. त्याला राक्षस म्हटले की माझे, शिडीवाल्याचे, साऱ्या गल्लीचे हात धुऊन निघतात. उद्या असाच कुणी गोड बोलणारा पोरगा निघाला, तर आम्ही त्याच्या डोक्यावर शिंगे शोधत बसू.

म्हणून ठसा बेकरीवाल्या बाईंना द्यावा. त्या हो म्हणाल्या तरच भाच्याने चिमणी वापरावी. त्यांनी तो वितळवला तरी कुरकुर करू नये.

४. हे आज बाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "राक्षस कसला? 'वहिनी, जरा मागे सरा, अंगावर रंग उडेल,' असं म्हणाला होता मला." मग मी नेलेला ठसा ठेवून घेतला. "हो-नाही नंतर सांगेन. आधी पोराला पाठवा. त्याचा बाप कसा होता ते मी सांगते, तुम्ही नका सांगू."

भाचा पाटीचा नमुना काखेत मारून रस्ता ओलांडून गेला, त्याला बराच वेळ झाला. बेकरीचे दार आतून लावलेले आहे. मला धड बसवत नाही की उभे राहवत नाही. तो कोणता चेहरा घेऊन बाहेर येईल, ठाऊक नाही. तो चेहरा पाहून मी यातला एक शब्दही बदलू नये, म्हणून आत्ताच सही करत आहे.

(सही) खुर्च्यावाली
साक्षीदार: १. डॉक्टर. २. पोस्टमन, टपाल द्यायला आला असता बसवून घेतलेला.
ठिकाण: कारखान्यामागची खोली.
तारीख: दाखल्यावर आहे तीच.