मध्यंतरापर्यंत जगायचे

४ जानेवारी
माफी असावी. मागची नोंद जूनमधली. मधल्या काळात काही घडले नाही, असे लिहिणार होते. पण ते खरे नाही. दोन पिक्चरमध्ये मेले. एकदा दलदलीत, एकदा टबात. दोन्हीकडे ओला पांढरा गाऊन.

आज त्याच दिग्दर्शकांचा फोन. भुताचा पिक्चर, पण मी डॉक्टरीण! अंगात कोट, तोही कोरडा. शेवटी भुताला मीच जाळते आणि जाळताना किंचाळते. लेक म्हणाली, आई, या वेळी मध्यंतरापर्यंत तरी जगशील ना? मैत्रिणींना घेऊन जाते, तर त्या जागेवर बसेपर्यंत तू खलास. शब्द दिला.

७ जानेवारी
आमच्याकडे गोष्ट सेटवरच लिहितात. जो आजारी पडेल किंवा तारीख चुकवेल, तो त्याच दिवशी मरतो. मागे हीरोचा पाय मुरगळला, तर जेवणाच्या सुट्टीनंतर त्याला मगरीने खाल्ले. म्हणून संकल्प: मफलर. थंड पाणी बंद. भांडण बंद (नवरा वगळून).

१० जानेवारी
किंकाळीचा सराव. आजवरच्या किंकाळ्या घाबरलेल्या बाईच्या होत्या; ही विचारी बाईची हवी. शेवटी मी एम.ए. आहे. कपाटात, कपड्यांत तोंड खुपसून केला. तरी शेजारीण धावत आली. नवरा दारातूनच म्हणाला, काही नाही वहिनी, बढती झालीय तिची.

१३ जानेवारी
घसा किंचित बसलाय. डॉक्टरणीला भारदस्त आवाज शोभतोच. ही सबब आहे का? प्रामाणिकपणे तपासले. नाही. (तपासणारी मीच होते, याची नोंद असावी.)

१५ जानेवारी, सकाळी
आवाज नाही. अजिबात. आणि डबिंग परवडत नाही म्हणून हे दिग्दर्शक आवाज सेटवरच घेतात. नवरा म्हणतो, फोन करून कळव. कोणत्या तोंडाने? शिवाय गैरहजर म्हणजे मेलेच. लेक झोपेतच म्हणाली, आई, मरू नकोस हं. निघते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दिग्दर्शकांनी काहीतरी विचारले. मी हसून मान हलवली. पुन्हा विचारले. पुन्हा हलवली. त्यांनी असिस्टंटकडे पेन मागितले. त्यांनी पेन मागितले की कुणीतरी जाते. मी हात जोडले.

म्हणाले, बाई, घशाला ताण देऊ नका, नुसतं जिन्यावरून पडा. किंकाळी तुमचीच लावतो, दलदलीतली. तशी आता कुणाला जमत नाही हो.

हे कौतुकच. पण पहिल्या रिळातच गेले.

लेकीला खुणेने सांगितले. तिने बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाली, बरं, प्रेत तरी किती वेळ दिसतं?

हे मला सुचलेच नव्हते. शवागाराचे दृश्य मध्यंतरानंतर आहे! म्हणजे शब्द तसा मोडलेला नाही.

उद्या: प्रेताचा एक डोळा किंचित उघडा ठेवला तर चालेल का, दिग्दर्शकांना चिठ्ठीवर लिहून विचारणे.