उन्हाची बाजू

बाबा, मागच्या आठवड्यात आम्ही स्टॉकहोम बघून आलो. तीन दिवसांची धावती सहल. मी, तुमचे जावई आणि तुमची नात. बहारीनसारखंच पाण्यात वसलेलं शहर, पण वारा असा की बोटीच्या फेरीत मी शाल सोडली नाही. ऊन मात्र लख्ख. आणि मी शहाणी दोन दिवस काय करते? जुन्या गल्ल्यांत सावली धरून चालते, कॉफी प्यायला सावलीतलंच टेबल पकडते, आणि वर थंडीच्या नावाने खडे फोडते. जन्म इथे बहारीनमध्ये गेला, ऊन दिसलं की पाय आपोआप रस्ता ओलांडतात. तिसऱ्या दिवशी नात वैतागली. "मम्मा, एव्हरीबडी इज सिटिंग देअर." बघते तर समोर अख्खं गाव भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उन्हात बसलेलं. तुमचा गोरा साहेब सांगायचा ना, आमच्याकडे लोक मुद्दाम उन्हात बसतात म्हणून? "थापा मारतो लेकाचा," असं तुम्ही घरी येऊन म्हणायचात. थापा नव्हत्या, बाबा.

मग मीही जाऊन तिथल्या एका बाकावर बसले. तोंडाला ऊब लागली आणि मआमीरच्या कारखान्यांच्या भागातलं तुमचं एसीचं वर्कशॉप आठवलं. मी चौदा वर्षांची, आई गावी गेलेली. डबा पहिल्यांदाच मी केलाय, वाकड्यातिकड्या चपात्या नि सुकटीची चटणी, आणि तुम्ही तो घरीच विसरलात. हमद टाउनच्या घरून बस धरून, भर दुपारी चालत मी तो घेऊन येते. वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "उन्हात मरायला आलीस? अक्कल कुठे गहाण टाकलीस?" मी डबा खाली ठेवला आणि वळले. तुम्ही खोक्याचा पुठ्ठा फाडून मागे धावत आलात. "हे तरी धर डोक्यावर." मी घेतला नाही.

पुढे आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, आणि वर्कशॉपची पायरी परत कधी चढले नाही. बाबांनी चारचौघांत अपमान केला, असंच मी सगळ्यांना सांगत आले, तुमच्या जावयांनासुद्धा. तुम्ही जून-जुलैत गच्च्यांवर चढून तापलेली मशिनं उघडायचात. ऊन काय चीज आहे ते तुम्हाला ठाऊक होतं, मला नव्हतं. एवढं कळायला तुम्ही गेल्यावर वीस वर्षं आणि एक परका बाक लागला. तिथे मला रडू आलं. गॉगल होता म्हणून निभावलं.

आता परत येऊन इथे रिफातल्या घरी, एसी लावून हे लिहितेय. कागद मसाल्यांच्या खणात ठेवून देईन, दुसरं काय करणार. एक मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बस स्टॉपपर्यंत भिंतीची सावली होती. तुम्ही फाटकात पुठ्ठा घेऊन उभे आहात हे मला माहीत होतं, म्हणून मी उन्हाच्या बाजूने गेले. मुद्दाम, हळूहळू.